हिंगोलीला सवलती सगळ्यात जास्त, मग काम का नाही? आणि मी परत जावं का?

कयाधूकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यातली, कळमनुरी तालुका. नांदेडला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि चार वर्षांपासून चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. परवा डिप्लोमाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, सध्या कोण कुठं आहे? एकतीस जणांनी उत्तर दिलं. चोवीस जण पुणे, चाकण, रांजणगाव, तळेगाव. चार संभाजीनगर. एक हैदराबाद. गावाकडं फक्त दोघं, त्यातल्या एकाचं मेडिकल आहे आणि दुसरा घरची शेती बघतो. ते वाचल्यावर मला रात्री झोप आली नाही, खरं सांगते.

आमची चार एकर हळद असते. काढणी झाली की कुकरवर शिजवायची, पंधरा दिवस उन्हात वाळवायची, ड्रमला पॉलिश करायची आणि हिंगोलीच्या मार्केट यार्डात न्यायची. तिथून बराचसा माल ट्रक भरून सांगलीकडं जातो. पावडर तिकडं होते, पाकीट तिकडं भरलं जातं. बाबा मागच्या उन्हाळ्यात म्हणाले, "हळद सांगलीला गेली, तू पुण्याला गेलीस." ते सहज बोलले, पण माझ्या डोक्यातून जात नाही.

सरकारच्या उद्योग धोरणात आमचा जिल्हा "विनाउद्योग जिल्हा" म्हणून नोंदला गेलेला आहे, म्हणजे सवलती सगळ्यात वरच्या दर्जाच्या. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे, उद्देशच हा की कारखाने मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर जावेत. साठ वर्षं झाली की! मग अडतं कुठं? सरकारनं मनापासून केलंच नाही, का करून उपयोग झाला नाही?

दुसरा प्रश्न स्वतःपुरता. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज घेऊन गावाकडं हळद पावडरचं युनिट टाकावं असा विचार आहे. ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचे ५ टक्के घालायचे. नोकरी सोडू का? ज्यांनी स्वतः असं काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

पिंपरीचा रहिवासी

ताई, मनाला लावून घेऊ नका. कारखाना तिथंच जातो जिथं बंदर जवळ, विमानतळ जवळ, सुटे भाग देणारे जवळ. न्हावाशेवा इथून तीन तासांवर आहे. सरकारनं कितीही ओढलं तरी कंपनीला हिंगोली परवडत नसेल तर ती येणार नाही, आली तर सवलत संपली की जाईल. माणसानं कामाच्या मागं जावं. माझे वडील कोकणातून आले, मी इथं शिकलो, गावचं घरही त्याच पैशातून बांधलं. चांगली नोकरी आहे, सोडू नका.

---

वाळूजचा फिटर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी मूळचा जिंतूर तालुक्यातला, म्हणजे तुमचा शेजारीच. परभणीला आयटीआय फिटर केलं आणि १९८६ ला संभाजीनगरजवळ वाळूजला आलो. आज माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, पिन आणि बुश बनवतो. एकदा मागास भागात युनिट टाकून बंदही केलंय. म्हणून सविस्तर लिहितो, लांबेल, समजून घ्या.

आधी पिंपरीच्या भाऊंना. भाऊ, तुमची पिंपरी आपोआप नाही उभी राहिली. १९५४ साली केंद्र सरकारनं तिथं हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला, तेव्हा आजूबाजूला शेतं होती. १९६२ ला एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली, तिनं जमीन घेतली, पवनेचं पाणी आणलं, रस्ते केले, मग मोठ्या गाड्यांचे कारखाने आले. सुटे भाग देणारे त्यांच्या पाठोपाठ आले. म्हणजे आज जे "परवडतं" ते सरकारनंच आधी परवडण्यासारखं केलं. तेवढंच काम हिंगोलीत का झालं नाही, हे विचारायचा ताईंना पूर्ण हक्क आहे.

आता वाळूज. १९८५ ला बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला. मी आलो तेव्हा आजूबाजूला माळ होता. वाळूजजवळच्या रांजणगाव शेणपुंजीत एका खोलीत आम्ही सहाजण राहायचो, पाणी टँकरचं, शिफ्ट सुटली की अंधारात पायी यायचं. मी मोठ्या कारखान्यात नव्हतो, त्याला ब्रॅकेट पुरवणाऱ्या एका लहान शेडमध्ये होतो. पण गंमत बघा कशी झाली. मोठ्या कारखान्याला रोज ब्रॅकेट लागणार, पिन लागणार, स्प्रिंग लागणार, रबरी बुश लागणार, रंग लागणार. पुण्याहून आणायचं तर वाहतूक आणि उशीर. म्हणून पुरवठादार इकडं आले. पुरवठादाराला टूल लागतात म्हणून टूलरूम आल्या. टूलला कडकपणा आणायला भट्टी लागते, भट्टीवाले आले. मग लेथ दुरुस्त करणारा, इन्सर्ट (लेथवर धातू कापणारं बदलायचं टोक) विकणारा, कूलंट विकणारा, डबेवाला, खोल्या भाड्यानं देणारा. दहा वर्षांत माझ्या गावची बावीस पोरं वाळूजला होती, त्यातली अर्धी दहावी नापास.

आणि हे नुसत्या सवलतीनं झालं नाही. त्याआधी चिकलठाण्याची वसाहत होती, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय होतं, सिडको नवीन शहर बांधत होती. जायकवाडीचं पाणी होतं. माणसाला राहायला घर, शिकायला संस्था, कारखान्याला पाणी, हे सगळं एका ठिकाणी जमलं आणि त्यावर एक मोठा कारखाना येऊन बसला. मराठवाड्यात सरकारचा प्रयत्न जिथं खरंच लागू पडला ती जागा ही आहे, म्हणून सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. पण तोच मेळ परत कुठं जमवला गेला नाही. प्रत्येक तालुक्यात एमआयडीसीचा बोर्ड लागला. आत गेलं तर डांबरी रस्ता, विजेचे खांब, प्लॉटचे दगड आणि बाभळी.

आता माझी गोष्ट. २०१४ ला मला वाटलं, आपण तरी आपल्या भागात न्यावं काम. मराठवाड्यातल्याच एका मागास तालुक्यात प्लॉट घेतला, गावाचं नाव लिहीत नाही. डी प्लस झोन, म्हणजे सवलतींसाठी सरकारनं ठरवलेला मागास भागाचा वर्ग. मुद्रांक शुल्क माफ, वीज शुल्क माफ, भरलेल्या करातून परतावा मिळणार. दोन सीएनसी लेथ आणि एक सेंटरलेस ग्राइंडर नेला. आजूबाजूच्या गावांतली चौदा पोरं घेतली, सगळी आयटीआय किंवा बारावी. उद्घाटनाला माझी आई आली होती, तिनं मशीनला हळदकुंकू लावलं.

पहिली अडचण भट्टीची. पिन वळून झाली की तिला कडक करावं लागतं, त्याशिवाय ती घासून जाते. भट्टी वाळूजला. आठवड्यातून दोनदा पिकअप भरायची, एकशे साठ किलोमीटर जायचं, कडक करून परत आणायचं, मग ग्राइंडिंग, मग पुन्हा तोच माल वाळूजलाच पोचवायचा. एकाच पिनेचा तीनदा प्रवास. एका खेपेत लॉट मऊ निघाला तर परत चौथा आणि पाचवा. वीजबिलात वाचलेले पैसे डिझेलला पुरले नाहीत.

दुसरी विजेची. दर कमी होता, वीज मात्र टिकत नव्हती. शेतीचा आणि आमचा फीडर वेगळा आहे असं कागदावर होतं. पण दुपारी पंप सुरू झाले की व्होल्टेज खाली यायचं. चालू कटमध्ये वीज गेली की काय होतं ते तुम्ही क्वालिटीवाल्या आहात, तुम्हाला कळेल. जॉब फिरता फिरता थांबतो, टूल त्यात रुतून बसतं, टक् असा आवाज येतो आणि इन्सर्टचं टोक तुटतं. जॉब भंगारात. वीज आल्यावर मशीन पुन्हा होमला न्यायचं, ऑफसेट तपासायचे, पहिला पीस मोजायचा. पाच मिनिटांची वीज जाते, पाऊण तास जातो. मी शेवटी जनरेटर घेतला, मग स्वस्त विजेचा अर्थच राहिला नाही. वाळूजला इन्सर्ट तुटलं तर पोरगा सायकलवर जाऊन दहा मिनिटांत नवीन आणतो. तिकडं कुरिअरची वाट बघायची. एकदा मशीनचं कार्ड जळालं, पुण्याचा इंजिनिअर चौथ्या दिवशी आला.

तिसरी अडचण माणसांची, आणि तिचं मला सगळ्यात वाईट वाटलं. पोरं हुशार होती. सहा-आठ महिन्यांत मायक्रोमीटर, ड्रॉइंग, प्रोग्राममधला बदल, सगळं शिकली. शिकली की चाकणला जायची. मी पगार वाढवून बघितला, तरी जायची. एकानं मला सरळ सांगितलं, "मालक, तुमच्याशी भांडण झालं तर या गावात मला दुसरं शॉप कुठंय?" त्याचं बरोबर होतं. वाळूजला एक दार बंद झालं तर शंभर दारं आहेत. तिथं माझं एकच दार होतं. शिवाय सोयरीक जमवताना मुलीकडचे विचारतात, मुलगा पुण्याला असतो का. गावातल्या कंपनीतला मुलगा म्हटलं की तोंड फिरवतात.

आणि चौथी परताव्याची. पात्रता प्रमाणपत्र मिळायला वर्ष गेलं. पहिला परतावा हातात आला तेव्हा युनिट सुरू होऊन अडीच वर्षं झाली होती. मोठी कंपनी तेवढा दम काढते. माझ्यासारख्याला बँकेचा हप्ता दर महिन्याला असतो. सवलतीचा हिशेबसुद्धा मी जमीन, इमारत आणि यंत्रात किती घातले त्यावर होता. चौदा पोरांना मी जे शिकवलं, त्यात जो माल भंगारात गेला, त्याला त्या कागदात कुठं रकाना नव्हता. माझं म्हणणं नेमकं इथंच आहे. यंत्राला पैसे मिळतात म्हणून मालक माणसाऐवजी यंत्र वाढवतो. बातमीत किती हजार कोटींची गुंतवणूक ते येतं. किती जणांना किती वर्षं काम टिकलं, ते दहा वर्षांनी परत जाऊन कुणी मोजत नाही.

२०१८ ला बंद केलं. मशीन ट्रेलरवर चढवून वाळूजला परत आणल्या. चौदापैकी दोन माझ्याबरोबर आले, अकरा पुण्याकडं गेले. एक तिथंच राहिला, त्याच्याबद्दल नंतर लिहीन.

तुमच्या युनिटचं म्हणाल तर घाई करू नका, पण नाद सोडा असंही मी म्हणत नाही. आधी एवढं सांगा: पावडर करून विकणार कुणाला?

---

अंबानगरीचा मास्तर

फिटर साहेबांनी अनुभवाचं लिहिलं, मी विदर्भाच्या बाजूनं थोडी भर घालतो. अमरावतीत कनिष्ठ महाविद्यालयात नागरिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा विषय दरवर्षी फळ्यावर येतो.

सगळ्या भागांना रोजगार मिळावा ही मेहेरबानी नाही, ते लिखित वचन आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात सरकारी सेवांमध्ये विदर्भ आणि मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचं कबूल केलं होतं. पुढं राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये तंत्रशिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण आणि राज्य सरकारच्या सेवांमधल्या नोकरीच्या पुरेशा संधी, या तिन्ही गोष्टी नावानिशी आल्या. १९८३ ला प्रा. वि. म. दांडेकरांची समिती नेमली गेली. तिनं ३,१८६.७८ कोटींचा अनुशेष, म्हणजे विकासात मागं राहिलेली तूट, काढला, त्यात विदर्भाचा वाटा साधारण ३९ टक्के, मराठवाड्याचा २४ टक्के. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य यांचा अनुशेष रुपयांत मांडला गेला. गेली चाळीस वर्षं आमच्याकडं अनुशेष म्हटलं की सिंचनाचीच चर्चा होते. किती मुलं काम शोधत जिल्हा सोडून गेली हा आकडा त्या चर्चेत कधीच आला नाही. १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली, ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. प्रादेशिक असमतोलावरचा डॉ. विजय केळकर समितीचा अहवाल २०१३ चा, तोही माझ्या कपाटात आहे.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा ते चकित होतात. सवलत घेणाऱ्या उद्योगानं ८० टक्के स्थानिक लोक घ्यावेत असा शासनाचा नियम आहे. पण "स्थानिक" म्हणजे कोण? महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिलेला. म्हणजे गडचिरोलीच्या कारखान्यात सातारचा उमेदवारही स्थानिकच. नियम पाळला गेला तरी जिल्ह्यातल्या मुलाला काम मिळेलच असं नाही.

इथल्या नांदगाव पेठच्या पंचतारांकित वसाहतीत कापडाचे कारखाने आलेत. माझ्या वर्गातल्या काही मुली तिथं शिलाईला जातात आणि संध्याकाळी घरी परत येतात. घरी परत येतात, याचं मोल त्यांच्या आयांना विचारा. कापूस आमचाच आणि काम त्यावरचंच, म्हणून ते टिकेल अशी मला आशा आहे.

---

बालाघाटची लेक

बीड जिल्ह्यातून लिहितेय. सगळे कारखान्यांबद्दल बोलताहेत म्हणून रोहयोची, म्हणजे रोजगार हमी योजनेची, आठवण करून देते. सरकारनं काम खरंच प्रत्येक गावापर्यंत नेलं ते त्या एकाच योजनेनं.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. मिलोची (बाहेरून आणलेल्या लाल ज्वारीची) भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, त्यावर पाच लेकरं जगवली. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख कायमचं गेलं होतं, हातोडीचा घाव चुकून. पण ती कधी दुष्काळाला शिव्या देताना त्या कामाला शिव्या द्यायची नाही. म्हणायची, बाईला गड्याइतकीच मजुरी पहिल्यांदा तिथं बघितली. तिनं माती टाकलेला पाझर तलाव आमच्या गावात अजून आहे, मागच्या वर्षीही त्यात जानेवारीपर्यंत पाणी होतं.

वि. स. पागे यांची ती कल्पना, १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा कुठून आला? शहरातल्या पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जायचा, तेवढीच रक्कम सरकार घालायचं. मुंबईच्या पगारातून बीडचा पाझर तलाव. पुढं २००५ चा देशाचा रोजगार हमी कायदा झाला तो याच वाटेनं.

पण एवढं होऊनही आमच्याकडून दर दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयते निघतातच. ट्रॅक्टरवर संसार, वर लेकरं, पश्चिम महाराष्ट्राचा नाहीतर कर्नाटकाचा कारखाना. उचल एकदम हातात मिळते आणि रोहयोची मजुरी आठवड्यांनी मिळते, म्हणून. ताई, तुम्ही परत यायचा विचार करताय हे वाचून बरं वाटलं. आमच्या गावातून शिकून गेलेली एकही मुलगी अजून परत आलेली नाही.

---

कयाधूकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बालाघाटच्या ताईंचं वाचून आईला फोन केला. आमच्याकडंही सुकडीच्या आठवणी आहेत, मला माहीतच नव्हतं.

फिटर काका, तुम्ही विचारलंत पावडर विकणार कुणाला. खरं सांगू, एवढा विचार केला नव्हता. पल्व्हरायझर (पावडर करायचं यंत्र), पॅकिंग मशीन, शेड मिळून अठरा लाखांचा प्रोजेक्ट रिपोर्ट एकाकडून करून घेतलाय. त्यात "स्थानिक बाजारपेठ उपलब्ध" असं लिहिलंय. मला वाटलं कळमनुरी, हिंगोली, नांदेडच्या किराणा दुकानांत जाईल. तुमच्या चौदापैकी जो एक तिथंच राहिला, त्याचं पुढं काय झालं?

---

वाळूजचा फिटर

ताई, त्याचंच लिहायला बसलो होतो. मधे दोन दिवस शॉपमध्ये ऑडिट होतं, म्हणून उशीर झाला.

तो पोरगा आमच्याकडं ग्राइंडरवर होता. युनिट बंद झालं तेव्हा त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झालेला, त्यामुळे तो जाऊ शकला नाही. मी निघताना त्याला जुनं वेल्डिंग मशीन आणि एक बेंच ग्राइंडर दिला, पैसे घेतले नाहीत. त्यानं रस्त्यालगत पत्र्याचं शेड टाकून ट्रॉलीचे फाळके, गेट, असली कामं सुरू केली. एका शेतकऱ्यानं हळदीचा पॉलिश ड्रम दुरुस्तीला आणला. ड्रमची जाळी आतून घासून फाटली होती आणि शाफ्टचा बुश सैल झाला होता. बुशचं काम तर तो माझ्याकडं चार वर्षं करत होता. त्यानं नवीन बुश बसवला, जाळी जाड गेजची लावली, ड्रम परत दिला. पुढच्या हंगामात सात ड्रम आले. आता तो कुकर आणि ड्रम नवीन बनवतो. हंगामाच्या आधी चार महिने त्याच्याकडं सहा माणसं असतात, एरवी तीन. तो सगळ्यांना पगारी ठेवतो, रोजंदारीवर नाही. डी प्लस काय आणि सी काय, त्याला ठाऊकही नसेल. गिऱ्हाईक दारात, बिघाड झाला तर तासात पोचतो, आणि पुण्याच्या कुठल्या कंपनीला तो ड्रम इतक्या लवकर दुरुस्त करून देता येणार नाही.

त्याच्याकडं बघून मला माझी चूक कळली. मी वाळूजच्या साखळीतली एक कडी उचलून दीडशे किलोमीटर लांब नेली आणि ती तुटली. तो तिथल्याच साखळीला जोडला गेला. वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, तिथं आम्हा लहान लोकांना तपासणीची, महागड्या यंत्रांची सोय भाड्यानं मिळते. एकेकट्यानं घेणं कुणालाच परवडलं नसतं. असं काहीतरी हळदीसाठी हिंगोलीत व्हावं, चांगली प्रयोगशाळा, गोदाम, वाळवणी यंत्र, सगळ्यांना वापरता येईल असं. सरकारकडं मागायचंच असेल तर एकट्या प्लॉटचं अनुदान मागण्यापेक्षा हे मागा. वसमतला हळद संशोधन केंद्र झालंय, तिथं जाऊन काय सोयी सुरू झाल्यात ते स्वतः बघून या.

आता तुमचा प्रोजेक्ट रिपोर्ट. "स्थानिक बाजारपेठ उपलब्ध" हे वाक्य मी माझ्याही रिपोर्टात वाचलं होतं. किराणावाला मोठ्या ब्रँडचं पाकीट ठेवतो, कारण ते न खपलं तर कंपनी परत नेते आणि उधारी देते. तुम्ही दोन्ही देऊ शकाल का? शिवाय आपल्याकडं घराघरात हळद घरचीच असते किंवा पाहुण्यांकडून येते, पाकीट घेणार कोण? अनुदानाचंही नीट समजून घ्या. ३५ टक्के तुमच्या हातात येत नाहीत, ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतात आणि युनिट चालू असेल तरच कर्जात वळते होतात. तोपर्यंत दम लागतो. माझा दम तिथंच संपला होता.

म्हणून माझं ऐका, नोकरी आत्ता सोडू नका. तुम्ही क्वालिटीत आहात ना? हळदीत पैसा क्वालिटीलाच आहे. मसाला कंपन्या आणि औषधवाले कुरकुमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) किती टक्के, ओलावा किती, शिसं आहे का, रंग मिसळलाय का, हे विचारून भाव ठरवतात. शेतकऱ्याला यातलं काही सांगता येत नाही म्हणून त्याचा चांगला आणि वाईट माल एकाच ढिगात जातो. या हंगामात बाबांच्या चार एकरांतले नमुने घ्या. कोणत्या वावरातले, किती दिवस वाळवले, कुकरमध्ये किती वेळ ठेवले, सगळं चाकणला भरता तसं कागदावर लिहा. प्रयोगशाळेतून तपासून घ्या. शेजारच्या दहा शेतकऱ्यांचेही घ्या. मग ते कागद घेऊन दोन-तीन खरेदीदारांकडं जा, सांगलीलाही जा. कुणी म्हणालं की अशा मालाला क्विंटलमागं जास्त देतो, तर तुमचं काम सुरू झालं, पल्व्हरायझर नंतर. त्यात पहिल्याच वर्षी दोन मुली नमुने घेणं, वजन, नोंदी यासाठी गावातल्या गावात कामाला लागतील, आणि तुम्हाला मशीनचा हप्ता भरावा लागणार नाही.

ड्रमवाल्याला मी सांगून ठेवलंय. तो म्हणतो, ड्रमचे फेरे मोजायचं काउंटर बसवलं तर प्रत्येक लॉटला पॉलिश सारखी देता येईल, पण मोजायचं काय आणि किती ते त्याला कुणीतरी शिकवायला पाहिजे. दिवाळीला गावी याल तेव्हा त्याच्या शेडवर जाऊन या. माझा शॉप गुरुवारी बंद असतो, त्या दिवशी येत असाल तर मीही जिंतूरहून तिकडं पोचतो. येताना एक व्हर्निअर घेऊन या, त्याचा जुना झालाय.